घुरघुऱ्याचं नाक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मागाहून तोंड लपवायला नको. मी भित्रा आहे. जुना आहे, पांढऱ्याचा पिवळट झालो आहे, डोक्याशी छत्रीच्या मुठीसारखा वाकलो आहे, आणि वर भित्रा आहे. माशांच्या टाकीतलं जास्तीचं पाणी खाली नेऊन सोडणारा मी एक साधा पाइप. माझ्यासारख्यांना कोणी नाव देत नाही, पण मला आहे. मुलं मला ‘घुरघुऱ्या’ म्हणतात. हे नाव काही लाडाने पडलेलं नाही. ते कसं पडलं आणि त्यापायी माझ्यावर कसे कसे प्रसंग गुदरले, ते आज सांगतो. मधेच माझा आवाज कापरा झाला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मासेवाल्या काकांच्या अरुंद दुकानात झाला. पुढे टाक्या, मागे काकांचं टेबल, आणि सगळीकडे गोंदाचा वास. काकांनी मला एका लांबलचक पाइपातून करवतीने कापून वेगळं केलं. करवत पाहिली तेव्हाच माझी पाचावर धारण बसली होती. मग त्यांनी माझ्यावर वाकडं डोकं बसवलं, तोंड खाली आणि टाळू वर. वाटलं, सुटलो एकदाचा. कुठलं काय! काकांनी ड्रिल काढलं आणि सरळ माझ्या टाळूवर टेकवलं. मी असा थरथरलो की टेबलावरचे स्क्रू खाली पडले.

काकांना कामाच्या वस्तूंशी बोलायची सवय होती. ते म्हणाले, “घाबरू नकोस रे. हे तुझं नाक. तोंडाने पाणी प्यायचं, नाकाने श्वास घ्यायचा. नाक मोकळं असलं की तू गुपचूप काम करशील. चोंदलं की घोरशील.”

एवढंसं भोक, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठं. पण त्यांचं ते बोलणं मी मनात जपून ठेवलं. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं, आणि पुढे काका गाव सोडून गेले. तिथेच घोळ झाला.

तर मला आणून बसवलं ते मुलांच्या दातांच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, काउंटर, खेळण्यांची टोपली, टोपलीत एका कानाचा ससा, आणि भिंतीला लागून आमची काचेची टाकी. आतल्या खोलीत ती खुर्ची. मधलं दार कधीच नीट लागत नाही, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं. ड्रिलची घरघर, ट्रेमध्ये पडणाऱ्या चिमट्यांचा खणखणाट, मुलांचं मुसमुसणं. खुर्ची मी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. न पाहिलेल्या वस्तूची भीती फार वाईट हो. ती मनातल्या मनात वाढतच जाते.

माझं काम असं. टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची आडभिंत आहे, तिची वरची कड कंगव्यासारखी दातेरी आहे. टाकीतलं पाणी त्या फटींतून ओघळून माझ्या कोपऱ्यात येतं. ते मी तोंडाने पितो आणि खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत सोडतो. तिथे ते गाळलं जातं, आणि पंपदादा ते पुन्हा वर ढकलतो. त्याने जेवढं वर ढकलायचं, तेवढं मी खाली आणायचं, अशी आमची वाटणी. मी थांबलो आणि तो थांबला नाही तर काय होईल, हा विचार पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं.

पण ते दिवस चांगले होते. रडत आलेलं मूल टाकीसमोर उभं राहिलं की हळूहळू निवायचं. टाकीत लहान मासे पुष्कळ, पण मुलांची लाडकी एकच. ठमी. नारिंगी रंगाची, गोल पोटाची, आणि एक नंबरची खादाड. काचेवर बोट टेकवलं की हिला वाटतं खाऊच आला. मुलं बोट फिरवायची, ठमी मागे मागे जायची, आणि तेवढ्यात आतून हाक आलेलीही मुलांना कळायची नाही. डॉक्टरताई म्हणायच्या, “भुलीचं इंजेक्शन मी नंतर देते, अर्धी भूल ही टाकीच घालते.” मी कोपऱ्यात उभा राहून ते ऐकायचो आणि मला भरून यायचं. माझं नाव कोणी घेत नव्हतं, पण पाणी खाली कोण नेत होतं?

पुढे मात्र हळूहळू बिघडत गेलं. पाण्यात क्षार असतात, मित्रांनो. दात घासले नाहीत तर त्यांवर जसं कीट चढतं, तसंच ते माझ्या नाकात चढू लागलं. काउंटरवरच्या मावशी टाकीची काच अगदी लख्ख पुसायच्या, कारण काच दिसते. मी आडभिंतीमागे. मला कोण बघायला येतंय? खालच्या टाकीतलं पाणीही उडून उडून कमी झालं, आणि माझं खालचं टोक अधांतरी लोंबू लागलं. पाणी वरून धबाधबा पडायचं. आधी नुसतं सुरसुर, मग गुळुकगुळुक, आणि एके दिवशी माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की मीच दचकलो. घुर्रर्र… गुळुक… सुर्रर्रप्!

ठमी टाकीतल्या झाडामागे लपली. बाकावरचं एक मूल आईच्या पदरात शिरलं.

मी मुद्दाम नव्हतो हो करत. नाक चोंदलं की माणूस जसा तोंडाने हवा ओढतो, तसा मी पाण्यासोबत हवा ओढत होतो. पण आवाज कसला होता, ते ऐका. आतल्या खोलीत एक बारीक नळी आहे, तोंडातली लाळ ओढून घेणारी. ती ओढताना सुर्रर्र करते. माझा आवाज म्हणजे तिच्याच सख्ख्या भावाचा, फक्त दसपट मोठा. बाहेर बसलेल्या मुलांना वाटायचं, आत कोणाचे तरी भयंकर हाल चाललेत. मग एका आगाऊ पोराने दुसऱ्याला सांगितलं की टाकीमागे एक घुरघुऱ्या राहतो, आणि आत उपटलेले दात तो खातो. झालं! तेव्हापासून माझं नाव घुरघुऱ्या. देवाशपथ सांगतो, मी आजवर एकही दात खाल्लेला नाही.

त्याच सुमारास ती मुलगी येऊ लागली. उजवा गाल टम्म सुजलेला आणि ओठ गच्च मिटलेले. तिचं खरं नाव तेव्हा मला कळलं नाही, कारण काहीही विचारलं तरी ती तोंड उघडायची नाही. मावशींनी तिचं नाव ‘कुलूप’ ठेवलं. तिचे बाबा बेकरीत भट्टीवर होते. पहाटेपासून राबून यायचे, त्यामुळे बाकावर टेकले की त्यांचे डोळे मिटायचे.

पहिल्यांदा ती आली, बसली, आणि मी घुरघुरलो. ती उठून जी पळाली ती थेट रस्त्यावर. दुसऱ्यांदा उंबऱ्यातच थबकली, माझा आवाज ऐकला आणि माघारी फिरली. शेवटी डॉक्टरताईच बाहेर गेल्या आणि फूटपाथवर तिच्यासमोर उकिडव्या बसून गाल बघून आल्या. तिच्या बाबांना म्हणाल्या, “गोळ्यांनी सूज थोडी उतरेल, पण दात आतून साफ केल्याशिवाय हे बरं व्हायचं नाही. फार दिवस काढू नका. शनिवारी आणाच.”

“आणीन हो डॉक्टर,” बाबा म्हणाले, “पण तुमच्या त्या टाकीचं काहीतरी करा. पोरगी झोपेतही कान झाकते.”

हे ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतः भित्रा, आणि माझ्यामुळेच एक पोर घाबरून दुखणं अंगावर काढत होती.

त्या दिवशी दवाखाना बंद करताना डॉक्टरताई टाकीसमोर उभ्या राहिल्या. “मावशी, टाकी काढून टाकू या.”

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “अहो ताई, असं काय करता?”

“मुलांची भीती जावी म्हणून ठेवली, आणि मुलं हिलाच भ्यायला लागली. मग कशाला ठेवायची? रविवारी माशांच्या दुकानातून माणूस येतोय सगळे मासे न्यायला.”

“आणि ठमी? तिला कोण घेणार? म्हातारी झाली ती. तिथे केवढ्याशा बरणीत घालतील तिला.”

डॉक्टरताईंनी काचेवर बोट टेकवलं, तशी ठमी लगेच पुढे आली. मग म्हणाल्या, “रविवारच्या आत आवाज बंद झाला तर राहू दे. नाहीतर माझा इलाज नाही.”

मित्रांनो, माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ठमी जाणार बरणीत, आणि मी जाणार भंगारात. आणि सगळं टळणार कधी, तर मी गप्प बसलो तर! अहो, गप्प बसणं माझ्या हातात असतं तर मी कधीच बसलो असतो.

मग उपाय सुरू झाले. मावशींनी टाकीवर जाड टॉवेल घातला. आवाज टॉवेलाखालून आणखीच गूढ यायला लागला. त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला. मुलं गाण्यालाही रडायला लागली. शेवटी डॉक्टरताई स्वतः पुढे झाल्या. कपाळावरचा दिवा लावला, दात बघायचा छोटा आरसा घेतला, माझं डोकं बाहेर काढलं आणि उलटसुलट करून तपासलं. आता त्यांच्या हाताला एक खोड आहे. भोक दिसलं की भरायचं. आयुष्यभर दुसरं केलंय काय त्यांनी?

“अरेच्चा! मावशी, इथे भोक आहे बघा. आवाज इथूनच येतोय.”

“कीड लागली असेल,” मावशी म्हणाल्या.

‘अहो, ते भोक नाही, नाक आहे माझं!’ मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण पाण्याबाहेर पाइपाला कुठला आवाज? डॉक्टरताईंनी माझी टाळू पुसून कोरडी केली, दातात भरायचं सिमेंट आणलं, नाकात बसवलं, वरून बोटाने सारखं केलं, आणि ते कडक करणारा निळा दिवा वर धरला. सिमेंट दगडासारखं घट्ट झालं. काम मात्र सुबक होतं हं, खोटं कशाला बोलू. भोक कुठे होतं ते ओळखूही येत नव्हतं.

मला परत बसवलं. पंपदादा सुरू झाला. एक क्षण अगदी शांत. मावशींनी टाळ्या वाजवल्या. आणि इकडे माझा जीव घुसमटला. नाक बंद, त्यामुळे पाणी धड घशाखाली उतरेना. ते माझ्या तोंडावर चढत गेलं, चढत गेलं, मग एकाएकी सगळंच्या सगळं गटागटा खाली ओढलं गेलं, आणि शेवटी तोंड उघडं पडलं तेव्हा जी काही हवा आत शिरली! सुर्रर्रर्रर्रप्! खिडकीच्या काचा हादरल्या. मग पुन्हा तेच. पाणी चढायचं, गटागटा उतरायचं, आणि सुर्रर्रर्रप्. रोगापेक्षा इलाज भयंकर झाला.

अशात शनिवार उजाडला. आतल्या खुर्चीत एक मुलगा होता, आणि त्याच्यानंतर कुलूप यायची होती. मावशी सारख्या दाराकडे बघत होत्या आणि मी सारखा सुरकत होतो. मावशींना ठमी जगवायची होती, हे आधी लक्षात घ्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दवाखान्याची एक रीत आहे. रक्त येवो, लाळ येवो, काहीही वाहू लागलं की त्यावर कापसाचा बोळा. मावशींनी डबा उघडला, बोळा घेतला आणि माझ्या तोंडात कोंबला. आवाज थोडा दबला. दुसरा कोंबला, आणखी दबला. तिसरा तर त्यांनी अंगठ्याने आत रेटला.

“आता गप बस रे बाबा,” त्या म्हणाल्या, “ठमीसाठी तरी.”

तेवढ्यात आतून हाक आली आणि त्या हात पुसत आत गेल्या.

नाक आधीच बुजलेलं, आता तोंडही बंद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. आवाज मात्र बंद झाला. पूर्ण बंद. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि इतका कधी घाबरलोही नव्हतो. कारण खाली पंपदादा चालूच होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तो पाणी वर ढकलत होता, आणि मला एक थेंबही खाली नेता येत नव्हता. पहिल्या दिवसापासून ज्या विचाराला मी भीत होतो, तोच समोर येऊन उभा राहिला होता.

दार उघडलं. कुलूप आली. उंबऱ्यात थबकली, मान तिरकी करून तिने कानोसा घेतला. काहीच ऐकू येईना. ती एक पाऊल आत आली, मग दुसरं, आणि टाकीजवळच्या बाकावर येऊन बसली. बाबांनी सुस्कारा सोडला, मान भिंतीला टेकवली, आणि त्यांचा डोळा लागला.

पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. आडभिंतीचे दाते बुडाले. मग अख्ख्या टाकीचं पाणी चढू लागलं. टाकीच्या खाली, जमिनीवर, विजेचा बोर्ड होता. मला तो दिसत होता. ओरडायचं होतं, पण ओरडणार कशाने?

कुलपाने पाहिलं. तिची नजर पाण्याच्या रेषेवर खिळली. तिने बाबांची बाही ओढली. “म्म्! म्म्म्!”

बाबा डोळे न उघडताच म्हणाले, “नाही बाळा, आज घरी नाही जायचं.”

“म्म्म्म्!”

“काही दुखत नाही. गप बस जरा.”

पाणी काठाला लागलं. क्षणभर तिथे फुगून उभं राहिलं आणि मग काचेवरून बाहेर घरंगळलं. पहिली धार जमिनीवर पडली, आणि बाकाच्या पायाशी पसरत बोर्डाकडे सरकू लागली. आणि आमची ठमी! पाणी वर येतंय म्हणजे खाऊ जवळ येतोय, असं त्या खादाडीला वाटलं असावं. ती आली ती अगदी वर, काठाशी. पाण्याच्या ओढीने तिचं पोट काचेच्या कडेवर टेकलं. अर्धी आत, अर्धी बाहेर. मला पापण्या असत्या तर मी डोळे मिटून घेतले असते.

कुलूप बाकावर उभी राहिली. दोन्ही हातांची ओंजळ करून तिने ठमीला अडवलं. पाणी तिच्या मनगटांवरून, बाह्यांमधून कोपरापर्यंत वाहू लागलं. हात सोडावेत तर ठमी फरशीवर. न सोडावेत तर कोणाला बोलवायचं कसं? दोन्ही हात गुंतलेले, पाय बाकावर. उरलं होतं फक्त तोंड.

तिने ते उघडलं.

“पाणीऽऽ! अहो मावशीऽऽ! ठमी पडतेयऽऽ! लवकर या नाऽऽ!”

काय आवाज होता तो, मित्रांनो! माझा सुर्रर्रप् त्याच्यापुढे काहीच नव्हे. बाबा ताडकन उठले. आतून डॉक्टरताई हातमोजे घालूनच धावत आल्या, त्यांच्यामागे मावशी, आणि मावशींच्या मागे तोंडात कापूस धरलेला तो खुर्चीतला मुलगा.

“पाण्यात पाय नको!” डॉक्टरताई ओरडल्या आणि त्यांनी दारामागचं मोठं बटण बंद केलं. पंपदादा थांबला. पाणी बोर्डापासून वीतभर अलीकडे होतं. बाबांनी ठमीला अलगद आत ढकललं, आणि डॉक्टरताईंनी माझ्या तोंडातून एक एक बोळा ओढून काढला. तिसरा निघाला तेव्हा मला जन्माला आल्यासारखं वाटलं.

मावशी मटकन खाली बसल्या. “माझ्या हाताने झालं हो हे. ठमीला वाचवायला गेले, आणि तिलाच मारत होते.”

“आधी उठा, फरशी पुसू या,” डॉक्टरताई म्हणाल्या. “मी तरी काय दिवे लावलेत?”

फरशी कोरडी झाल्यावर त्यांनी त्या मुलाचं काम उरकून त्याला घरी पाठवलं, बोर्ड वर भिंतीला टांगला आणि पंप पुन्हा लावून पाहिला. मी पाणी प्यायलो. चढलं, गटागटा उतरलं, आणि सुर्रर्रर्रप्! कुलपाने कानांवर हात घेतले. मला वाटलं, संपलं. आता भंगार.

पण डॉक्टरताई मान कलती करून ऐकत राहिल्या. इतक्या दिवसांत माझा आवाज बंद करायला सगळे आले होते, ऐकायला कोणी आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मावशी, आपली लाळ ओढायची नळी मुलाच्या गालाला चिकटते, तेव्हा अगदी असंच होतं ना?”

“होतं की. मग आपण ती जरा उचलतो. हवा शिरली की गप्प होते.”

“हवा शिरली की गप्प होते,” डॉक्टरताई सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या टाळूकडे पाहिलं, त्या सुबक सिमेंटकडे, आणि कपाळावर हात मारला. “अगं बाई! मीच याचं नाक बुजवलं की!”

नाक! त्या नाक म्हणाल्या! काकांनंतर पहिल्यांदा कोणीतरी.

पण आनंद करायला सवड कुठे होती? त्यांनी माझं डोकं काढून हातात घेतलं आणि त्या आतल्या खोलीकडे निघाल्या. त्या दाराकडे. ज्याच्या आडून मी इतकी वर्षं रडणं ऐकलं होतं. मला त्या खुर्चीवर ठेवलं, वरून दिवा सोडला, आणि ड्रिलची घरघर सुरू झाली. माझी तर बोबडीच वळली.

दारात कुलूप उभी होती. बाह्या ठिबकत होत्या. आत यायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

डॉक्टरताई मला गंभीरपणे म्हणाल्या, “हे बघ, दुखलं तर हात वर करायचा. मी लगेच थांबेन.” हे त्या प्रत्येक मुलाला सांगतात.

“त्याला हात नाहीत,” कुलूप म्हणाली.

“खरंच की गं. मग कसं करायचं?”

तिने थोडा विचार केला. आत आली, खुर्चीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “मी करते. त्याच्या ऐवजी.”

ड्रिल टेकलं. मी शहारलो. तिचा हात वर गेला. ड्रिल तत्क्षणी थांबलं.

“काय झालं?”

“तो घाबरलाय.”

“बरं. थांबू या. सांग त्याला, थोडंच राहिलंय.”

तिने वाकून मला सांगितलं. पुन्हा सुरू. पुन्हा हात वर. पुन्हा थांबलं. दर वेळी थांबलं, मित्रांनो, एकदाही चुकलं नाही. मावशी म्हणाल्या, “अशाने आपण इथेच मुक्कामाला राहणार,” पण कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. सिमेंट निघालं, त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचं कीट निघालं. मला बसवून पाहिलं. आवाज निम्मा झाला होता. परत खुर्ची, भोक केसभर मोठं. परत टाकी. मावशींनी बादलीने खालच्या टाकीत पाणी ओतलं, माझं खालचं टोक जेमतेम बुडेपर्यंत. पंप लावला.

आणि काही नाही. पाणी चालू, मी पीत होतो, श्वास घेत होतो, आणि खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ठमी झाडामागून बाहेर आली आणि काचेला तोंड लावून उभी राहिली.

कुलूप बराच वेळ टाकीकडे बघत राहिली. मग कोणी न सांगता आत गेली. मी अर्धवट उघड्या दाराकडे कान देऊन होतो. भीती काही गेली नव्हती, उलट आता तिच्यासाठी वाटत होती. ड्रिल सुरू झालं. थांबलं. म्हणजे तिने हात वर केला होता. परत सुरू झालं. परत थांबलं. मधेच ती नळी तिच्या गालाला चिकटली असावी, कारण आतून जोरात आवाज आला, सुर्रर्रप्! माझा जीव गोळा झाला. आता पळणार ही! पण आतून बधिर जिभेने बोबडं बोलणं ऐकू आलं, “तिलाही श्वाश घेऊ द्या ना!” आणि मग तिघी हसल्या. मी पहिल्यांदाच त्या खोलीतून हसणं ऐकलं.

रविवारी दुकानदाराचा माणूस पिशव्या घेऊन आलाच. त्याला निरोप द्यायचा राहून गेला होता. तो टाकीजवळ उभा राहिला, कान दिला, आणि म्हणाला, “पंप बंद आहे वाटतं?”

“चालू आहे,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही निघा.”

तर मित्रांनो, मी अजून जुनाच आहे आणि अजून भित्राच आहे. मावशी आता नेमाने दातांचा जुना ब्रश घेऊन माझं नाक घासतात, खालच्या टाकीत पाणी घालतात, आणि ब्रश जवळ येताना मी अजून थरथरतो. तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून नुसतं सांगतो. तुमच्या घरात एखादा नळ, एखादं यंत्र, एखादं माणूस नेहमीपेक्षा जास्त आवाज करू लागलं, तर लगेच त्याच्या तोंडात बोळा कोंबू नका. आधी जवळ जाऊन ऐका. आणि जे एकदम गप्प झालं असेल, त्याच्याजवळ तर धावत जा.

ती मुलगी दात दाखवायला अजून येते. आता तिला कुलूप कोणी म्हणत नाही, फार बडबडते. आत जाण्याआधी ती टाकीच्या कोपऱ्याशी येते, काचेला कान लावते, माझा श्वास ऐकते. मावशी ब्रश घेऊन आल्या असतील, तर तिचा हात आधीच वर गेलेला असतो.